मॉडेल इंजिनाचा पिस्टन आणि रिंगा: २४ मिमी बोअरसाठी मापांसहित पूर्ण पद्धत

घरच्या लेथवर छोटं पेट्रोल इंजिन बनवणाऱ्याचं काम बहुतेक वेळा दोनच ठिकाणी अडतं, ठिणगीपाशी आणि कॉम्प्रेशनपाशी. ठिणगीचं सामान बाजारात तयार मिळतं. कॉम्प्रेशन विकत मिळत नाही. ते लायनर (सिलेंडरच्या आतलं नळकांडं), रिंग (पिस्टनभोवतीचं फाकणारं कडं) आणि पिस्टन या तीन भागांच्या मापातून येतं, आणि त्यात रिंगेचा वाटा सगळ्यात मोठा असतो.

खालची मापं एक सिलेंडर, चार स्ट्रोक, २४ मिमी बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), बिडाचा (कास्ट आयर्नचा) लायनर, ॲल्युमिनिअमचा पिस्टन आणि दोन कॉम्प्रेशन रिंगा अशा इंजिनासाठी आहेत. बोअर वेगळा असेल तर मापं कशी काढायची तेही जागोजागी दिलं आहे.

कामाचा क्रम आधी पक्का करा: लायनर, मग रिंगा, मग पिस्टन. ड्रॉइंगवर २४.०० लिहिलेलं असतं, पण शेवटची घासाई (लॅपिंग) झाल्यावर बोअर २४.०३ निघाला तर तुमच्यासाठी खरं माप २४.०३ हेच. रिंग त्या मापाला करायची आणि पिस्टनही त्याच मापावरून उतरवायचा. आधी पिस्टन करून मग त्याला बसेल असा बोअर काढायला गेलात, तर बोअर एकदा मोठा झाला की पिस्टन भंगारात जातो.

लेथ, फरशी आणि ऊन

मराठवाड्यात लेथ काळ्या मातीवरच्या फरशीवर असेल तर एक गोष्ट दरवर्षी तपासावी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फरशी हलली की लेथच्या बेडला पीळ पडतो आणि बोअर एका टोकाला मोठा निघू लागतो. तपासणी सोपी आहे. २५ मिमीचा बार चकमधून १०० मिमी बाहेर काढा, दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक लावू नका. बारीक कट घेऊन दोन टोकांना दोन पट्टे त्याच डायलवर कापा आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०१ मिमीच्या आत असेल तर काम सुरू करा. ०.०२ च्या वर गेला तर आधी पायाखालच्या पट्ट्या सारून लेव्हल करा. जून सुरू व्हायच्या आधी आणि दिवाळीनंतर अशी दोनदा ही तपासणी करणं फायद्याचं.

दुसरा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये जॉब, मायक्रोमीटर आणि हात सगळेच तापलेले असतात. कट घेतल्यावर ॲल्युमिनिअमचा पिस्टन सहज ७० अंशांपर्यंत जातो. २४ मिमी ॲल्युमिनिअम ३० अंशांनी तापलं की व्यास साधारण ०.०१६ मिमी वाढतो, म्हणजे स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) आणि लायनर यांच्यात आपण जी फट ठेवणार आहोत तिचा चौथा हिस्सा. म्हणून शेवटचं माप घेण्याआधी लायनर आणि पिस्टन दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पुसा आणि लगेच मोजा. दोघांचं तापमान एक असलं की झालं, ते २० अंशच असायला हवं असं नाही. शक्य असेल तर फिनिशचं काम सकाळी करा. गावाकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, लेथचा वेग मधेच उतरतो आणि फिनिश कटावर पट्टे उमटतात.

लायनर

लायनरवर इथे थोडक्यात. बोरिंग बारने २३.९७ पर्यंत या आणि उरलेले ०.०३ मिमी लॅपने (पेस्ट लावून आतून घासणाऱ्या दांड्याने) काढा. फाकवता येणारा पितळेचा किंवा ॲल्युमिनिअमचा लॅप आणि ४०० नंबरची कार्बोरंडम पेस्ट पुरते. लॅप फिरत असताना लायनर पुढेमागे सरकवत राहा, म्हणजे तिरक्या रेघांची जाळी पडते आणि तेल त्या रेघांत टिकतं. तीन उंचीवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजा. फरक ०.००५ पर्यंत चालेल.

लॅप केल्यावर लायनर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. फक्त रॉकेलने किंवा पेट्रोलने पेस्टचा कण निघत नाही, तो बिडाच्या छिद्रात बसून राहतो आणि नंतर रिंग घासतो. पांढरा कपडा आत फिरवल्यावर काळा होत नाही तोवर धूत राहा. मग लगेच तेल लावा.

रिंगांसाठी माल

रिंगेला करडं बीड लागतं, एफजी २६० ग्रेडचं, आणि शक्यतो कंटिन्युअस कास्ट बार. त्याचा कण बारीक असतो आणि आत पोकळी क्वचितच असते. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या जॉब शॉपमध्ये अशा बारचे तुकडे पडलेले असतात. ३५ मिमी व्यासाचा ८० मिमी लांब तुकडा दोन खेपांना पुरतो. लातूर, नांदेड किंवा परभणीला ग्रेडचा बार मिळत नसेल तर तो बाहेरून मागवा. जुन्या पंपाचं कव्हर किंवा पुली कापून रिंगा करू नका. पातळ ओतकामात बीड पटकन थंड होऊन जागोजागी पांढरं आणि कडक झालेलं असतं. टूल तिथे उडतं आणि रिंग त्याच जागी तुटते.

बिडाची वरची कातडी कडक असते. पहिला कट २ मिमी खोल घ्या, म्हणजे टूलचं टोक कातडीच्या खाली चालेल. कातडीवरून नुसतं घासत गेलात तर एका फेरीत धार जाते.

रिंगेची मापं

रिंगेची आडवी जाडी, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या त्रिज्येतला फरक, बोअरच्या पंचविसाव्या भागाइतकी धरा. २४ मिमीला ती सुमारे ०.९५ मिमी येते. मोकळ्या रिंगेच्या टोकांतलं अंतर या जाडीच्या साडेतीन पटीच्या आसपास, म्हणजे ३.४ मिमी. सिलेंडरमध्ये बसल्यावरची फट बोअरच्या ०.००४ पट, म्हणजे ०.१० मिमी. उंची १.०० मिमी.

जाडी वाढवली तर ताण वाढेल असं वाटतं आणि ते खरंही आहे, पण जाड रिंग पिस्टनवर चढवताना तुटते. पातळ केली तर चढते, पण भिंतीला दाबत नाही. पंचविसावा भाग हा दोन्हींचा मेळ आहे. ०.९५ ला ३.४ मिमी मोकळं अंतर ठेवलं की भिंतीवरचा दाब चौरस मिलिमीटरला ०.१४ न्यूटनच्या आसपास येतो. एवढ्या छोट्या इंजिनाला तो पुरतो.

कातकाम

बार चकमधून ३५ मिमी बाहेर काढा. वेग ३०० आरपीएम, एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल, कोरडं. बिडाला पाणी-तेल लावायचं नाही. भुकटीचा चिखल होऊन तो बेडवर घासतो. बेडवर कागद टाका, तोंडाला मास्क लावा, पंखा बंद ठेवा. ही काळी भुकटी स्लाइडमध्ये गेली तर लॅपिंग पेस्टसारखी बेड खाते.

बाहेरून २४.६ पर्यंत, २० मिमीचं ड्रिल २८ मिमी खोल, मग बोरिंग करून २१.८. इथे थांबा. जॉब पूर्ण थंड होऊ द्या. वरची कातडी निघाल्यावर बीड आतला ताण सोडतं आणि किंचित वाकडं होतं. फिनिश कट त्याच्यानंतरच घ्यायचा. आता त्याच सेटिंगमध्ये, चक न सोडता, आतून २२.१० आणि बाहेरून २४.०० ते २४.०२. शेवटचा कट ०.१ मिमी, फीड फेरीला ०.०५ मिमी, टूलच्या टोकाला ०.४ मिमी गोलाई. बाहेरचं माप तुमच्या लायनरपेक्षा ०.०२ जास्त चालेल, एक शतांशही कमी चालणार नाही. लहान रिंग मोठ्या बोअरमध्ये दोन जागीच टेकते आणि मधून उजेड दिसतो.

१.५ मिमीच्या पार्टिंग टूलने १.०५ मिमी उंचीच्या रिंगा कापा. टेलस्टॉकला लाकडी दांडी लावून ती आत सारून ठेवली की कापलेली रिंग दांडीवर पडते, जमिनीवर पडून तुटत नाही. इंजिनाला दोन लागतात, तुम्ही आठ कापा. दोन-तीन तुटणारच, एखादी उजेडाच्या परीक्षेत नापास होईल.

बाजू सपाट करणं

४० मिमीच्या लोखंडी चकतीला २४.१ मिमी व्यासाची, ०.७ मिमी खोल खाच कापा. रिंग त्यात बसवून जाड काचेवर ठेवलेल्या ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर थोडं डिझेल टाकून आठच्या आकड्यात फिरवा. दर मिनिटाला चकती पाव वळसा फिरवून धरा, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडून रिंग पाचरीसारखी होते. एक बाजू नुसती साफ करा, दुसरी १.०० मिमी होईपर्यंत. शेवट १००० नंबरवर. तीन ठिकाणी मोजा, फरक ०.००५ च्या वर नको. रिंगेची बाजू पिस्टनवरच्या खोबणीच्या बाजूला टेकूनच गॅस अडवते, त्यामुळे बाहेरच्या गोलाईइतकीच ही सपाटी महत्त्वाची आहे. बरेच जण इथे घाई करतात.

तोडणं आणि फट

रिंग करवतीने कापू नका. पात्याच्या जाडीएवढा माल जातो आणि गोल बिघडतो. तिकोनी सुई-कानशीने दोन्ही बाजूंना समोरासमोर एक-एक बारीक खूण करा. व्हाइसमध्ये ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या लावून खूण जबड्याच्या कडेला येईल अशी रिंग धरा आणि बोटाने दाबा. ती खुणेवर स्वच्छ मोडते आणि मोडलेली टोकं एकमेकांत पुन्हा चपखल बसतात.

रिंग अजून गोलच आहे, तिच्यात ताण नाही. फट आत्ताच करून घ्यायची. पातळ सपाट कानस व्हाइसमध्ये उभी धरा आणि रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना हलकेच दाबून रिंग मागेपुढे करा. पाच-सहा घासण्यांनंतर रिंग लायनरमध्ये घालून पिस्टनच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याने सरळ ढकला आणि फीलर गेज (ठराविक जाडीची पातळ पानं) लावा. ०.१० चं पान जायला हवं, ०.१५ चं अडायला हवं. लायनर कुठे किंचित आवळ असेल तर माप तिथेच घ्या.

फट कमी ठेवून कॉम्प्रेशन वाढेल असं समजू नका. रिंग लायनरपेक्षा जास्त तापते. पन्नास अंशांचा फरक पडला तरी २४ मिमीच्या रिंगेचा घेर ०.०४ मिमीने वाढतो. टोकं एकमेकांना टेकली की रिंगेला वाढायला जागा उरत नाही. मग ती लायनर खरडते किंवा मोडते.

रिंगेत ताण भरणं

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. गोल रिंग फाकवून, तशीच तापवून थंड केली की तिला फाकलेला आकार कायमचा मिळतो. पुन्हा दाबून लायनरमध्ये घातली की ती पूर्ण गोल होते आणि सगळ्या घेरावर सारख्या जोराने भिंतीला टेकते. सारख्या जोराने टेकेल की नाही हे फाकवण्याच्या पद्धतीवर ठरतं. टोकांमध्ये चपटी पट्टी घातली तर टोकांना पीळ बसतो, ती एकमेकांना समांतर राहायला बघतात आणि रिंग टोकांजवळ भिंत सोडते. गोल पिन घातली तर टोकांवर फक्त ढकलणारा जोर येतो, पीळ येत नाही. टोकांवरच्या अशा जोराने रिंग जशी वाकते, तशीच ती सगळीकडून सारख्या दाबाने वाकली असती. म्हणून पिन गोलच हवी.

फिक्स्चर असं करा. लोखंडाच्या ३५ मिमी व्यासाच्या, ८ मिमी जाड दोन चकत्या. एका चकतीच्या मधोमध १८ मिमी व्यासाचा उंचवटा, उंची रिंगांच्या थप्पीपेक्षा अर्धा मिमी कमी. सहा रिंगांना ५.५ मिमी. मधून एम८ चा बोल्ट. केंद्रापासून ११.६ मिमीवर दोन्ही चकत्यांतून आरपार ३.८ मिमीचं भोक आणि त्यात जुन्या ड्रिल बिटच्या दांड्याची पिन. फाकलेल्या टोकांतला कोन बाहेरच्या बाजूला रुंद होतो, त्यामुळे पिन बाहेर निसटू पाहते. दोन्ही चकत्यांत भोक पाडायचं कारण हेच. मोकळं अंतर ३.४ हवं असताना पिन ३.८ ची घेतली आहे, कारण तापवूनही बीड दहाव्या हिश्शाच्या आसपास परत मिटतं.

रिंगा एकेक करून पिनवर चढवा, सगळ्या एका रेषेत आणा, मोकळ्या जागेत लाकडी कोळशाची बारीक पूड भरा आणि बोल्ट हाताने घट्ट करून वर फक्त पाव वळसा द्या. कोळसा आतला ऑक्सिजन खातो आणि रिंगेवर पापुद्रा धरत नाही.

भट्टी असेल तर ५८० ते ६०० °से, फिक्स्चर आतपर्यंत तापल्यावर पुढे एक तास, मग भट्टीतच थंड. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक भागात हीट ट्रीटमेंटवाले स्ट्रेस रिलीव्हिंगचे घाणे लावतात. त्यांना तापमान आणि वेळ लिहून दिली तर एवढासा तुकडा कोणत्याही घाण्यात बसतो. भट्टी नसेल तर अग्निविटांचं छोटं घरकूल करून एलपीजी टॉर्चने तापवा. दिवे बंद करून बघायचं. अंधारात मंद लाल दिसेल तिथे अर्धा तास टिकवा. उजेडात लालभडक दिसेपर्यंत नेलं तर वेळ जास्त झाल्यावर बीड मऊ पडतं आणि रिंगेचा ताण महिन्याभरात जातो. पाण्यात किंवा तेलात बुडवायचं नाही, विटांमध्येच थंड होऊ द्या.

बाहेर काढून मोकळं अंतर मोजा. ३.३ ते ३.५ आलं तर बरोबर. २.८ च्या आसपास आलं तर आतपर्यंत उष्णता पोचली नाही, तीच रिंग पुन्हा चढवून पुन्हा तापवा. बाजूंवर करडा थर असेल तर १००० च्या पेपरवर आठ-दहा हात मारा, त्याहून जास्त नको.

आता उजेडाची परीक्षा. रिंग लायनरमध्ये मधोमध सरळ बसवा, खालून मोबाइलचा टॉर्च लावा, वरून काळ्या पुठ्ठ्याच्या चकतीने रिंगेच्या आतली जागा झाका. फटीतून उजेडाची एक बारीक रेघ दिसेल. घेरावर दुसरीकडे कुठेही उजेड दिसला तर ती रिंग बाजूला ठेवा. केसाएवढी रेघ दहा-वीस अंशांपुरती असेल तर चालवताना बसते. त्याहून लांब बसत नाही.

पिस्टन

माल ६०८२, म्हणजे बाजारात ज्याला एचई३० म्हणतात तो ३० मिमीचा बार. एचई१५ मिळाला तर जास्त चांगला, गरम असताना तो जास्त ताकद धरतो. दरवाज्या-खिडक्यांचं मऊ ॲल्युमिनिअम घेऊ नका, खोबणीची कड चुरते. शेतीपंपाच्या डिझेल इंजिनाचा जुना पिस्टन सहसा एलएम१३ जातीच्या मिश्रधातूचा असतो. त्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्यामुळे तो कमी फुगतो. पण २४ मिमीचा पिस्टन निघण्याएवढा जाड भाग त्यात मिळत नाही आणि वितळवून ओतायचं तर गॅसच्या बुडबुड्यांचा त्रास आहे. पहिल्या इंजिनाला बारच बरा.

व्यास किती ठेवायचा याचा हिशेब स्वतः करता यायला हवा. ॲल्युमिनिअम दर अंशाला दहा लाखांत २३ भाग वाढतं, बीड ११ भाग. पिस्टनचं डोकं (वरचा भाग) २०० अंशांनी तापलं तर २४ मिमीचं ०.११ मिमी वाढतं. तिथला लायनर १२० अंशांनी तापला तर ०.०३ वाढतो. फरक ०.०८. त्यावर तेलाला जागा धरून डोक्याकडचा भाग बोअरपेक्षा ०.१३ कमी, म्हणजे २३.८७. स्कर्टकडे तापमान कमी असतं, तिथे ०.०६ कमी, म्हणजे २३.९४. डोकं आणि स्कर्ट एकाच मापाला ठेवले तर एकतर डोकं अडकतं नाहीतर स्कर्ट खडखडतो.

बाकी मापं: एकूण उंची २४ मिमी, डोक्यापासून गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) केंद्रापर्यंत १४, डोक्याची जाडी ३, पिन ६ मिमी, कनेक्टिंग रॉडचं छोटं टोक ८ मिमी रुंद. वरून २ मिमी सोडून पहिली खोबण, मग १.५ मिमीची कड, मग दुसरी.

बार चकमध्ये धरून फेस करा, ३० मिमी लांबीपर्यंत २४.६ ला उतरवा. खालच्या तोंडाला २१.०० मिमी व्यासाची, ५ मिमी खोल बोरिंग करा. हे बोरिंग अचूक करा, पुढे सगळं यावरच केंद्रात बसणार आहे. एचएसएसला १३०० आरपीएम आणि ब्रशने डिझेल किंवा रॉकेल. कोरडं कापलं तर ॲल्युमिनिअम टूलच्या धारेवर चिकटतं आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो.

आता गजन पिनचं भोक, आतला भाग कोरण्याच्या आधी. भरीव मालात ड्रिल सरळ जातं, खाच कोरल्यावर ते पलीकडे पोचेपर्यंत भटकतं. खालच्या तोंडापासून १० मिमीवर, डायल गेज लावून बारचा मध्य शोधा. सेंटर ड्रिल, ५.८ चं ड्रिल, ६ मिमी रीमर. मग त्या भोकात ६ मिमीची सरळ दांडी घालून तिच्यावर डायल गेज फिरवा आणि दांडीला काटकोनात ८.५ मिमी रुंद, १९ मिमी लांब, २१ मिमी खोल खाच ८ मिमीच्या एंड मिलने कोरा. एका वेळी १ मिमीपेक्षा खोल उतरू नका. भोक आणि खाच काटकोनात नसतील तर रॉड तिरका चालतो आणि पिस्टन एका कडेने घासतो. ती घासण रिंगेचा दोष म्हणून शोधण्यात फार वेळ जातो.

२४.५ मिमीला कापून वेगळा करा. एका बारला २१ मिमीच्या बोरिंगमध्ये चपखल बसणारा ५ मिमीचा खांदा उतरवा, मधून आरपार भोक पाडा. एका बोल्टच्या टोकाला ६ मिमीचं आडवं भोक पाडून तो आतून घाला, गजन पिनच्या जागी खोटी पिन सारा आणि मागून नटाने पिस्टन खांद्यावर ओढून घ्या. नट बेताने आवळा, जास्त ओढलं तर स्कर्ट अंडाकृती होतो. हा खांदा चकमधून काढू नका. त्यामुळे पिस्टन काढून लायनरमध्ये घालून बघता येतो आणि पुन्हा त्याच केंद्रावर चढवता येतो.

डोकं फेस करून उंची २४.०० करा. सगळी लांबी २३.९४, मग डोक्यापासून ७ मिमी २३.८७. नंतर खोबणी. टूल ०.९० मिमी रुंद घासून घ्या, वेग ४०० आरपीएम. मधोमध सरळ आत जा, तळाचा व्यास २१.९० येईपर्यंत. मग टॉप स्लाइडने दोन्ही बाजू थोड्या-थोड्या साफ करत रुंदी १.०२ ते १.०३ करा. एकदम १.०३ च्या टूलने मारलं तर बाजूंना कंपनाच्या लाटा येतात. तळाशी रिंगेमागे ०.१० मिमी जागा राहते. ती राहिली नाही तर रिंग खोबणीत पूर्ण बसत नाही आणि पिस्टन लायनरमध्ये शिरतच नाही.

रिंग खोबणीत घालून घेरभर फिरवून बघा. ती स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवी, पण वरखाली हलवल्यावर टकटक करायला नको. फट ०.०५ च्या वर गेली की रिंग फडफडते आणि प्रत्येक स्ट्रोकला तेल वर उचलते. प्लग काळा आणि ओला होण्याचं ते एक मुख्य कारण. दुसऱ्या रिंगेच्या खाली, डोक्यापासून ७.५ मिमीवर ०.३ मिमी खोल चर मारा आणि खाचेच्या बाजूंना, जिथे आत पोकळी आहे तिथे, चार भोकं १ मिमीची पाडा. खरवडलेलं तेल तिथून क्रँककेसमध्ये परत जातं.

पिनच्या भोकांभोवती बाहेरून ०.१ मिमी माल बारीक कानशीने उतरवा. तिथे धातू जाड असल्यामुळे तो भाग जास्त फुगतो. गजन पिन ६ मिमीच्या सिल्व्हर स्टीलची, अंगठ्याने दाबून सरकेल अशी. तिच्या दोन्ही टोकांना टेफ्लॉनच्या गोल टोप्या लावा, टोपीचं तोंड स्कर्टच्या आत ०.२ मिमी राहू द्या. उघडी स्टीलची पिन सरकली तर पाच मिनिटांत लायनरमध्ये दोन चर पाडते.

जोडणी आणि पहिली धाव

रिंग चढवताना ती फाकवायची, पिळायची नाही. ०.१ मिमी पितळी पत्र्याच्या तीन पट्ट्या पिस्टनवर उभ्या ठेवा आणि रिंग त्यांच्यावरून सरकवत खोबणीपर्यंत न्या. आधी खालची, मग वरची. दोन्ही फटी समोरासमोर १८० अंशांवर. लायनरच्या खालच्या तोंडाला आतून ३० अंशांचा उतार दिला असेल तर दाबायला वेगळं अवजार लागत नाही, तेल लावून बोटांनी रिंगा मिटवत पिस्टन आत जातो.

इंजिन सुरू करायच्या आधी फ्लायव्हील हाताने कॉम्प्रेशनवर आणा आणि सोडा. ते मागे उसळायला हवं. उसळलं नाही तर प्लगच्या भोकात रबरी नळी बसवून सायकलच्या पंपाने हवा भरा आणि ऐका. क्रँककेसच्या श्वास-नळीतून फुसफुस आली तर दोष रिंगेत, एक्झॉस्टमधून किंवा कार्ब्युरेटरमधून आली तर व्हॉल्व्हमध्ये. नळीवर साबणाचं पाणी लावलं की शंका उरत नाही. ही परीक्षा न करता कित्येक जण चांगल्या रिंगा काढून फेकतात आणि गळत असतो व्हॉल्व्ह.

पहिल्या धावा दोन-दोन मिनिटांच्या ठेवा, मधे इंजिन हाताला सोसेल इतकं थंड होऊ द्या. एकूण अर्धा तास झाला की तेल बदला, त्यात बारीक चकाकी दिसेल ती रिंगा बसताना निघालेली असते. तासाभराने सिलेंडर उघडून रिंगेचा बाहेरचा पृष्ठभाग भिंगाने बघा. घेरभर सलग चमकता पट्टा असेल तर पुन्हा हात लावू नका. टोकांजवळ काळा डाग म्हणजे तिथे रिंग भिंत सोडते, त्या जागी उरलेल्या रिंगांपैकी दुसरी घाला. चमक फक्त टोकांवर आणि समोरच्या बाजूला असेल तर रिंग बोअरपेक्षा लहान कातली गेली आहे. पिस्टनच्या डोक्याखालच्या कडेवर उभे ओरखडे असतील तर तो भाग आणखी ०.०२ ने उतरवा. ओरखडे स्कर्टवर एकाच बाजूला आणि पलीकडे तिरके समोर असतील तर व्यासाला हात न लावता कनेक्टिंग रॉडची दोन्ही भोकं समांतर आहेत का ते तपासा.